शिलोहाचा बुरूज आणि लिस्बनचा भूकंप : आपत्तीला देवाची शिक्षा म्हणण्याबद्दल

मागच्या व्याख्यानात आपण लायब्निट्झपाशी थांबलो होतो. त्याचा ‘थिओडिसी’ हा ग्रंथ १७१० सालचा. शक्य असलेल्या सगळ्या जगांमधून देवानं सर्वांत चांगलं ते निवडलं आणि तेच हे जग, हा त्यातला सिद्धान्त आपण पाहिला. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की मग भूकंप, पूर, त्सुनामी यांचं काय करायचं? ख्रिस्ती लोक यांना देवाची शिक्षा मानतात का?

प्रश्न सरळ आहे, पण ‘ख्रिस्ती लोक मानतात’ असं एका दमात म्हणता येईल अशी ही परंपरा नाही. तिला दोन हजार वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तरी आपसात भांडण्यात गेली. तेव्हा सगळीकडे फिरण्यापेक्षा आपण एका शहरात बसू. लिस्बनमध्ये. तिथे हा वाद छापील कागदावर झाला. वाद घालणारी माणसं बुद्धीनं कमी नव्हती. आणि त्यातल्या एकाचा शेवट चितेवर झाला.

तारीख १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, म्हणजे चर्चं भरलेली आणि वेदीवर मेणबत्त्या लागलेल्या. धक्के काही मिनिटं चालले. छतं कोसळली ती प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि तासाभराच्या आतबाहेर तिकडून समुद्राचं पाणी चालून आलं. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पुढे पाचेक दिवस शहर खात होती. मृतांच्या आकड्याबद्दल अजून एकमत नाही. साधारण तीस ते साठ हजार असे अंदाज दिले जातात. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं. त्याच वर्षी वसंत ऋतूत उघडलेलं राजाचं ऑपेरागृह गेलं. इन्क्विझिशनचा वाडा पडला. आणि सर्व संतांच्याच नावाचं, गोरगरिबांसाठी चालणारं मोठं इस्पितळ जळालं. राजघराणं त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होतं, ते वाचलं. राजा जुझेनं त्यानंतर दगडी छताखाली राहण्याचा धसकाच घेतला; तंबूत आणि लाकडी घरात त्यानं आयुष्य काढलं.

या यादीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. इन्क्विझिशनचा वाडा आणि इस्पितळ.

भूकंपानंतर गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं एक पुस्तिका काढली. १७५६ साल. भूकंपाच्या खऱ्या कारणाचा निवाडा, अशा अर्थाचं तिचं नाव. मालाग्रिदा मूळचा इटलीचा, अनेक वर्षं ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून पायी हिंडलेला, लोक ज्याला संत मानत असा माणूस. ढोंगी नव्हता. त्याचं म्हणणं असं : लिस्बन, तुझा नाश धूमकेतूंनी केला नाही, ताऱ्यांनी केला नाही, पोटातल्या वाफांनी केला नाही, कुठल्याही नैसर्गिक कारणानं केला नाही; केला तो फक्त पापांनी. नाटकं, संगीत, नाच, बैलांच्या झुंजी. आणि हे सगळं निसर्गतःच घडलं असं जे सांगतात ते सर्वांत घातक, कारण लोकांनी तसं मानलं तर पश्चात्ताप कोण करील? उघड्यावर राहुट्या आणि झोपड्या उभारण्यात गुंतलेल्यांवरही त्याचा रोष होता. हात बांधकामाला लागलेत, प्रार्थनेला लागलेले नाहीत, ही त्याची तक्रार.

आता हे वाचून हसणं सोपं आहे, आणि हसणारे त्या काळीही पुष्कळ होते. आम्ही धर्माचं तत्त्वज्ञान शिकवत असताना वर्गात इथे नेमका हशा यायचा. पण त्यात एक युक्तिवाद आहे, आणि तो नीट तपासला पाहिजे. नैसर्गिक कारण मानलं की देव बाहेर पडतो. देव बाहेर पडला की पश्चात्ताप संपतो. म्हणून नैसर्गिक कारण नाकारा. यातली पहिलीच पायरी कच्ची आहे. आणि गंमत अशी, की ती कच्ची आहे हे त्याच्याच चर्चनं पाचशे वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं आद्य कारण आणि दुय्यम कारणं असा भेद केला. देव आद्य कारण; तो दुय्यम कारणांतून, म्हणजे वस्तूंच्या स्वतःच्या गुणधर्मांतून काम करतो. आग जाळते ते आगीच्या गुणानं, आणि आग आहे ती देवामुळे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. वाफ की देव, असा पर्याय या विचारात निर्माणच होत नाही. तेव्हा मालाग्रिदाचा दोष तो फार श्रद्धाळू होता हा नव्हे. तो आपल्या परंपरेचा कच्चा विद्यार्थी होता. त्याच्या वाक्यातला सगळा गोंधळ ‘फक्त’ या शब्दात आहे.

बरं, ‘फक्त’ काढून टाकू. भूकंप निसर्गनियमानं झाला आणि देवाच्या इच्छेनंही झाला, असं म्हणू. तरी शिक्षा सिद्ध होते का? नाही. देव जर सगळ्याचंच आद्य कारण असेल तर पावसाचंही आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की तो पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो. ‘देवानं घडवलं’ यातून ‘देवानं शिक्षा म्हणून घडवलं’ हे आपोआप निघत नाही. मध्ये एक पायरी लागते, आणि ती पायरी म्हणजे देवाचा हेतू मला कळला हा दावा. आपल्याकडे म्हण आहे, देवाच्या काठीला आवाज नसतो. ठीक. आवाज नसतो, तर मग इतक्या जणांना त्यात स्पष्ट वाक्यं कशी ऐकू येतात?

आणि ती वाक्यं वेगवेगळी कशी ऐकू येतात, हे तर आणखी बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनं, मेथडिस्ट चळवळीच्या संस्थापकानं, त्याच वर्षी लिस्बनच्या भूकंपावर लेख छापला. त्याचा रोख असा की देव रक्ताचा हिशेब मागतोय, आणि जिथे इतकं रक्त सांडलं तिथूनच त्यानं सुरुवात केली यात नवल ते काय! म्हणजे लिस्बनचं पाप नाच-गाणं नव्हे, इन्क्विझिशन. फ्रान्समध्ये रोंदे नावाच्या जान्सेनिस्ट लेखकाला त्याच भूकंपात जेझुइटांवरचा कोप दिसला. जेझुइट मालाग्रिदाला नाटकवाले दिसले, प्रॉटेस्टंट वेस्लीला कॅथलिक दिसले, जेझुइटांच्या वैऱ्याला जेझुइट दिसले. धक्का एक, शहर एक, पण आरोपी मात्र प्रत्येकाचा आधीपासून ठरलेला. पाच वर्षांपूर्वी, १७५० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनलाच दोन हलके धक्के बसले होते. तेव्हा वेस्लीचा भाऊ चार्ल्स यानंही पाप हेच भूकंपाचं कारण असं प्रवचन दिलं होतं, आणि लंडनच्या बिशपनं शहराच्या पापांवर पत्रक काढलं होतं. लंडन मात्र शाबूत राहिलं. लंडनची पापं लिस्बनपेक्षा कमी होती, असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणालं नसतं.

वेस्लीचं उत्तर आपल्याला जास्त पटतं. पटण्याचं कारण उघड आहे. इन्क्विझिशन खरोखरच क्रूर होतं, बैलांच्या झुंजी आणि नाटकं यांच्या पंगतीत ते बसवता येणार नाही. म्हणून त्याची परीक्षा जास्त कसून घ्यायला हवी. त्याचं निदान खरं मानलं तर इस्पितळ का जळालं? आणि याच पोर्तुगीज राजवटीचं दुसरं इन्क्विझिशन आपल्या गोव्यात होतं, १५६० पासून. ओल्ड गोव्यातल्या त्याच्या वाड्याला १ नोव्हेंबरला तडाही गेला नाही. मधली काही वर्षं ते बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि १८१२ साली कायमचं उठलं ते सरकारी हुकमानं. उलट त्याच भूकंपानं मोरोक्कोत पडझड केली, तिथे माणसं मेली. त्यांचा या इन्क्विझिशनशी काय संबंध? पाप खरं असलं म्हणजे त्याचा आपत्तीशी जोडलेला संबंधही खरा ठरतो, असं नाही.

हा मुद्दा आपल्याला परका नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारला प्रचंड भूकंप झाला, आणि अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. गांधीजी ख्रिस्ती नव्हते, पण युक्तिवादाची घडण हीच. रवींद्रनाथ ठाकूरांनी जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेची कारणं भौतिकच असतात हे तर ते म्हणालेच. पण त्यांचा दुसरा मुद्दा आम्हाला अधिक धारदार वाटतो. असा युक्तिवाद महात्माजींपेक्षा त्यांच्या सनातनी विरोधकांनाच जास्त शोभतो, कारण तेही हाच भूकंप उचलून महात्माजींवर टाकू शकतात. गांधीजींनी ते पत्र ‘हरिजन’मध्ये छापलं आणि खाली आपलं उत्तर दिलं, मत मात्र बदललं नाही. अस्पृश्यता पापच होती. ते सांगायला मुंगेरच्या ढिगाऱ्यांची गरज नव्हती.

आता मालाग्रिदाच्या बाजूनं एक गोष्ट. तो ‘त्यांची पापं’ म्हणत नाही. लिस्बनला ‘तू’ म्हणून हाक मारतो खरा, पण पापांपाशी आल्यावर पोर्तुगीजमध्ये ‘नोसुश’ म्हणतो. याचं मराठी करायला बसलं की अडायला होतं. ‘आमची पापं’ म्हणायचं की ‘आपली पापं’? इंग्रजीत, पोर्तुगीजमध्ये एकाच शब्दावर भागतं. मराठी तुम्हाला सोडत नाही. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे बोलणाऱ्याला सांगावंच लागतं. ‘आपली’ म्हटलं तर बोलणारा आणि ऐकणारा एका ओळीत उभे. पण मग राहुटी ठोकणाऱ्या माणसावर रागवायचा अधिकार बोलणाऱ्याला कुठून आला? प्रवचनकाराच्या तोंडचा ‘आपण’ पुष्कळदा सभ्य पोशाखातला ‘तुम्ही’ असतो. (आम्हीही तासभर ‘आपण, आपण’ करतोय, तेव्हा श्रोत्यांनी इकडेही लक्ष ठेवावं.)

आणि समजा, तो ‘आपण’ अगदी खरा आहे. तरी त्यात एक जण येत नाही. जो मेला तो. शिक्षेच्या कल्पनेत एवढं तर गृहीत आहे ना, की अपराध अमुक माणसाचा आणि शिक्षा त्याच माणसाला, आणि ती कशाबद्दल हे त्याला सांगितलं गेलं? फाशीच्या कैद्यालाही निकाल वाचून दाखवतात. लिस्बनला चर्चमध्ये आईच्या कडेवर जे मूल होतं त्याला काय वाचून दाखवलं? वाचलेल्यांना धडा मिळावा म्हणून ते मेलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग त्याला न्याय म्हणू नका. दुसऱ्याला धाक बसावा म्हणून निरपराध्याला मारणं, याला मानवी न्यायालयात एक शब्द आहे, आणि तो न्याय नाही.

इथवर आपण बाहेरून बोललो. पण आमचं खरं म्हणणं असं आहे, की या मताची सर्वांत कडक टीका ख्रिस्ती लोकांच्या स्वतःच्या ग्रंथातच आहे. जुन्या करारात ईयोबाची गोष्ट घ्या. त्याची दहा मुलं कशानं मेली? वाऱ्यानं. रानातून मोठा वारा आला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला, घर कोसळलं. म्हणजे चक्क नैसर्गिक आपत्ती. मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. इथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग बोलायला लागतात, आणि बिल्दद नावाचा मित्र बापाच्या तोंडावर सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. मालाग्रिदाची आख्खी पुस्तिका या एका वाक्यात आहे. शेवटी देव काय करतो? देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवरच रागावतो. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा निर्णय देतो. आणि ईयोब तर देवाला कोर्टात खेचायची भाषा करत होता!

कुणी म्हणेल, आमोस, यिर्मया हे संदेष्टे आपत्तीला देवाचं काम म्हणतातच की. म्हणतात. पण संदेष्टा आधी बोलतो. योना निनवे शहरात ओरडत फिरला, चाळीस दिवस उरलेत म्हणून. लोकांनी ऐकलं, शहर वाचलं, आणि भाकीत खोटं पडलं म्हणून योनालाच राग आला. ते छोटंसं पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर : एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी जनावरं, यांची मला कीव येऊ नये का? जनावरांचाही हिशेब धरणारा हा देव. आधी दिलेल्या इशाऱ्यात वाचायला वाट असते. ढिगाऱ्यावर उभं राहून मागाहून सांगितलेला अर्थ कुणालाच वाचवत नाही.

आणि लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. येशूला येऊन कुणी सांगतं, की पिलातानं काही गालीली माणसांना यज्ञ करत असतानाच मारलं. तो स्वतःहून दुसरी घटना जोडतो : शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. पहिली घटना सत्तेच्या क्रौर्याची, दुसरी अपघाताची. तो दोन्ही शेजारी ठेवतो आणि विचारतो, हे लोक बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? उत्तर स्वतःच देतो. नाही.

इथे थांबता आलं असतं तर सोयीचं झालं असतं. पुष्कळ आधुनिक प्रवचनकार थांबतातही. पण वाक्य पुढे जातं : पश्चात्ताप केला नाहीत तर तुम्हीही सगळे असेच नाश पावाल. म्हणजे न्यायाची भाषा त्यानं टाकलेली नाही. हे लपवलं तर टीका अप्रामाणिक होईल. आम्ही ते असं वाचतो. मेलेल्यांबद्दल प्रश्न आला, त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे, त्यावर अर्धा शब्दही जास्त नाही. नंतरचं वाक्य समोर उभ्या असलेल्या, जिवंत, अजून काही करू शकणाऱ्या माणसांना आहे. लगेच पुढची गोष्ट अंजिराच्या झाडाची : फळ देत नाही म्हणून मालक तोडायला निघालाय, आणि माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. न्यायाच्या इशाऱ्याला जोडून मुदतवाढ आणि शेणखत येतं.

व्हॉल्तेअरनं लिस्बनवर लिहिलेल्या दीर्घ कवितेत हाच प्रश्न आहे : लंडन-पॅरिसपेक्षा लिस्बन जास्त दुराचारी होतं का? चर्चचा तो कट्टर टीकाकार. पण प्रश्न लूकच्या तेराव्या अध्यायातलाच. त्यातून त्यानं लायब्निट्झच्या ‘सर्वोत्तम जगा’वरही हल्ला केला, आणि १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये त्याची पुरती खिल्ली उडवली. रूसोनं त्याला पत्रानं कळवलं, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गानं बांधली नव्हती. तरुण कांटनं १७५६ मध्ये भूकंपांवर तीन लेख लिहिले. त्याची भूगर्भातल्या पोकळ्यांची उपपत्ती आज टिकत नाही, पण देवाच्या सगळ्या व्यवस्थेचं उद्दिष्ट केवळ आपणच, या माणसाच्या घमेंडीवर त्यानं ठेवलेलं बोट टिकतं.

मालाग्रिदाचं पुढे काय झालं? लिस्बन पुन्हा उभारणाऱ्या मंत्र्याला, ज्याला पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणू लागले, त्याला ही पुस्तिका परवडणारी नव्हती. मालाग्रिदाला आधी सेतूबालला हद्दपार केलं. मग राजावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात त्याला तुरुंगात टाकलं. १७५९ मध्ये सगळ्या जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून काढलं, गोव्यातूनही. शेवटी सप्टेंबर १७६१ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, इन्क्विझिशननं पाखंडाचा आरोप ठेवून या म्हाताऱ्याला गळा आवळून मारलं आणि जाळलं. इन्क्विझिशनचा प्रमुख तेव्हा मंत्र्याचा सख्खा भाऊ होता. अंधश्रद्धेवर विवेकाचा विजय, असं याचं वर्णन कुठे वाचलंत तर पुस्तक जरा बाजूला ठेवा. पुस्तिकेला उत्तर देता येत होतं. ते द्यायची तसदी कुणी घेतली नाही.

एक आक्षेप उरतो. ज्याचं घर गेलं, पोर गेलं, तो स्वतःच म्हणतो, ‘काय पाप केलं होतं मी?’ त्याचं काय? तिथे या व्याख्यानाचं काही काम नाही. त्याचं ते वाक्य सिद्धान्त नसतं, हंबरडा असतो. हंबरड्याचं खंडन करत नाहीत. त्याच्याजवळ बसावं, ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस बसले तसं. शेजारचा माणूस जेव्हा तेच वाक्य प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात नेतो, ‘यानं काहीतरी पाप केलं असणार’ म्हणतो, तेव्हा टीकेचं काम सुरू होतं.

आणि धर्मगुरू म्हणजे सगळे मालाग्रिदा, असंही कुणी समजू नये. त्याच मंत्र्यानं देशभरातल्या पॅरिशांना प्रश्नावली पाठवली होती. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? किती माणसं दगावली? नंतर पुन्हा धक्के आले का? उत्तरं लिहायची होती ती गावोगावच्या पाद्र्यांनी. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पाप आणि कोप हे असणारच. त्या काळचीच ती माणसं. पण विचारलं ते त्यांनी लिहून दिलं : इतकी घरं, इतके मृत, पाणी अमुक ठिकाणपर्यंत आलं, विहिरीचं असं झालं. ते कागद लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या अभिलेखागारात आहेत, आणि १७५५ च्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही ते उघडावे लागतात.

पुढच्या वेळी ईयोबाच्या पुस्तकातले ३८ ते ४१ हे अध्याय घेऊ, देव वादळातून बोलतो ते. मराठी बायबल हाताशी असेल तर वाचून या. मधली मित्रांची भाषणंही वाचा. लांबलचक आहेत, कंटाळा येईल, पण वगळू नका. त्यांतली बरीच वाक्यं ओळखीची वाटतील.